बागेच्या ग्रंथालयात देणगीची खोकी आली की आधी काय करावं

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या वनस्पती उद्यानाला जोडून दोन खोल्यांचं ग्रंथालय आहे. मार्चअखेरीस अनुदानातून साठेक पुस्तकं विकत घेतली गेली. जूनमध्ये एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरून अकरा खोकी देणगीत आली: जुने फ्लोरा (म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनं देणारे ग्रंथ), नियतकालिकांचे सुटे अंक, मराठी वनौषधींची पुस्तकं आणि पानांत मधे मधे वाळवलेली झाडं. हे सगळं दाखल कसं करावं, बांधायला काय द्यावं, आणि ‘नवीन दाखल ग्रंथ’ ही यादी फळ्यावर लावूनही कुणी बघत नाही तिचं काय करावं, असं विचारलं आहे.

विकत घेतलेल्या पुस्तकांची फारशी चिंता नाही. ऑर्डर, बिल आणि पुस्तक ताडून बघा. फर्मे (एकत्र घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे) उलटे किंवा कोरे बांधले गेले नाहीत ना, हे शिक्का मारण्याआधी बघा, कारण शिक्का बसलेलं पुस्तक विक्रेता परत घेत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. बिलात लावला असेल तर बिल दुरुस्त करून घ्या. खरा प्रश्न खोक्यांचा आहे. त्यात घाईने फाडलेलं, चिकटवलेलं, कापलेलं काहीही परत मिळत नाही, आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नेमकं तेच कामाचं निघतं.

खोकी थेट कपाटांच्या खोलीत नेऊ नका. ओसरी, प्रयोगशाळेचा रिकामा कोपरा, काहीही चालेल. फक्त मुख्य संग्रहापासून आणि हर्बेरियमपासून, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहापासून, वेगळी जागा हवी. पुस्तकं आणि वाळवलेले नमुने यांना खाणारा किडा पुष्कळदा एकच असतो. सिगारेट बीटल नावाचा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा बांधणीतल्या खळीवर जगतो आणि हर्बेरियमच्या शीटवरच्या फुलांवरही. देणगीतल्या एका खोक्यातून तो तुमच्या तीस वर्षांच्या नमुन्यांत शिरू शकतो.

टेबलावर पांढरा कागद अंथरा, एकेक पुस्तक त्यावर धरून पुठ्ठ्यांवर हलकेच टिचक्या मारा. पिवळट भुकटी पडली आणि कण्यावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली, तर तो भुंगेरा. पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा आणि कडा कुरतडलेल्या असतील तर कसर किंवा झुरळ. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. तेव्हा पुस्तक बाहेरच हलक्या हाताने झाडून वेगळं काढा आणि खोकं त्याच दिवशी आवाराबाहेर टाका. पुठ्ठ्याची खोकी ठेवायची सवयच नको. त्यांच्या नालीदार पोकळीत झुरळांची अंडी आरामात राहतात.

किडीवर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे गारठा. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा आडवा डीप फ्रीझर उणे १८ ते उणे २० अंशांवर चालतो, तो पुरतो. पुस्तक जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, तोंड रुंद टेपने बंद करायचं आणि पिशवीवर तारीख लिहायची. पंधरा दिवस आत ठेवा. फ्रीझर गच्च भरू नका. मधली पुस्तकं हळूहळू गार होत गेली तर किड्याला थंडीशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो आणि काही अळ्या वाचतात. दहा-बारा पुस्तकांचा एक घाणा, मधे बोटभर फट, हे मापात बसतं. बाहेर काढल्यावर पिशवी किमान चोवीस तास उघडायची नाही. इथेच बहुतेक ठिकाणी चुकतं. गार पुस्तक जुलैतल्या कोल्हापूरच्या दमट हवेत उघडलं, की गार बाटलीवर सुटतं तसं पाणी त्याच्या पानांवर सुटतं, आणि आर्ट पेपरवरची रंगीत चित्रं एकमेकांना चिकटतात. वाळली की ती वीट होते. मग सोडवता येत नाहीत. काचेच्या स्लाइड किंवा निगेटिव्ह खोक्यात असतील तर त्या फ्रीझरमध्ये घालू नका.

डांबराच्या गोळ्यांनी वास येतो, समाधान वाटतं, किडा मात्र मरत नाही. शिवाय तीच वाफ दिवसभर तिथे बसणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जाते. धान्याच्या कोठीत वापरतात त्या सल्फासच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर ठाम नकार द्या. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो.

ओलसर पुस्तकांचं गणित वेगळं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला वाव मिळतो, आणि इथला पावसाळा त्याच्या कितीतरी वर असतो. भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणं शक्य नसेल तर ओलं पुस्तक तसंच पिशवीत घालून गोठवा. त्याने ते सुधारत नाही, पण सवड मिळते. मग एकेक काढून, दर पंधरा-वीस पानांआड कोरा शोषक कागद घालून, पंख्याखाली उभं ठेवून वाळवा. उन्हात नको, पुठ्ठे वाकतात. बुरशी ओली असताना पुसू नका, ती कागदात आणखी चोळली जाते. पूर्ण वाळू द्या, नाकावर एन-९५ मास्क लावा आणि बाहेर उघड्यावर मऊ ब्रशने झाडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरलेल्या घरांतली पुस्तकं अजूनही देणगीत येतात. पानांत गाळाची पूड आणि तळाशी तपकिरी रेघ दिसली की ओळखा. पुराच्या पाण्यात मैलापाणी मिसळलेलं असतं. असलं पुस्तक दुसरीकडे कुठेच मिळणार नसेल तरच ठेवा, आणि हातमोजे घालूनच हाताळा.

आता पानांत सापडणाऱ्या वस्तू. पुस्तक उलटं धरून झटकू नका. वाळलेलं पान, आगगाडीच्या तिकिटामागे लिहिलेलं नाव, ‘पन्हाळा, १२-८-५८, पांढरं फूल’ अशी पेन्सिलीतली ओळ, हे सगळं माहिती म्हणून मोलाचं आहे. ती वस्तू कोणत्या पानावर होती हे तिच्या स्वतंत्र कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहा, पुस्तकाचा क्रमांक लिहा, आणि पाकीट हर्बेरियम सांभाळणाऱ्याकडे द्या. त्या पानावरच्या वर्णनाशी नमुना जुळला, तर ती वनस्पती त्या वर्षी त्या ठिकाणी होती याचा तो पुरावा ठरतो. समासातल्या टिपा खोडरबराने पुसून ‘स्वच्छ’ करणारे उत्साही मदतनीस प्रत्येक ग्रंथालयात असतात. त्यांना दुसरं काम द्या.

दोन ठिकाणी जिवाला जपायचं. जुने नमुने किडीपासून वाचवण्यासाठी पूर्वी पाऱ्याच्या क्लोराइडच्या द्रावणात बुडवत किंवा त्यावर ते फासत. कागदावर करडे-काळसर डाग दिसले तर तो पारा असू शकतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, टेबलावर चहा ठेवू नका, नंतर हात साबणाने धुवा. दुसरं, एकोणिसाव्या शतकातली चमकदार हिरव्या कापडाची बांधणी. त्या काळच्या एका हिरव्या रंगात आर्सेनिक असे, आणि झाडाफुलांच्या पुस्तकांना हिरवं कापड आवडीने लावत. असं पुस्तक स्वतंत्र पिशवीत ठेवा, वर सूचना लिहा, आणि विद्यार्थ्याच्या हातात सहज जाईल अशा फळीवर नको.

यानंतर पानं मोजणं, आणि इथे वेळ द्यायलाच हवा. साधं पुस्तक असेल तर शेवटचा पृष्ठक्रमांक बघून काम भागतं. वनस्पतिशास्त्रात चित्रांची पानं वेगळी मोजावी लागतात, कारण ती मजकुराच्या पृष्ठक्रमांकात धरलेली नसतात आणि कापून फ्रेम करून विकली जातात. रॉबर्ट वाइट यांच्या ‘आयकोनीस’ या भारतीय वनस्पतींच्या चित्रग्रंथाच्या सहा खंडांत (१८३८ ते १८५३) २१०१ चित्रं आहेत, देणगीत त्याचा एखादा खंड आला तर पहिलं आणि शेवटचं चित्र बघून समाधान मानू नका, मधले क्रमांक एकेक करून तपासा. चित्र गेलं म्हणजे केवळ शोभा गेली असं इथे होत नाही. ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथातल्या (१६७८ ते १६९३) चित्रांचा आधार शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसने घेतला आणि त्यातली काही चित्रं आज त्या नावांची टाइप आहेत, म्हणजे नाव कोणत्या वनस्पतीचं, हे ठरवणारं शेवटचं प्रमाण. घडीचे नकाशे, शुद्धिपत्रं, सूची यांचीही हजेरी घ्या. शंका आली तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती फुकट आहेत. शेजारी स्क्रीन उघडून पान-पान जुळवा. काय नाही ते नोंदीत स्पष्ट लिहा: ‘चित्र १४ व २२ नाहीत’. ‘थोडी पानं गहाळ’ असं लिहिलेल्या नोंदीचा पुढच्या माणसाला काही उपयोग नसतो.

मूळ आवृत्ती की पुनर्मुद्रण, हेही याच वेळी ठरवा. आपल्याकडचं नेहमीचं उदाहरण थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोराचं. मूळ ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला, दोन खंडांचा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९५८ मध्ये त्याचं पुनर्मुद्रण तीन खंडांत केलं आणि पृष्ठक्रमांक बदलले. म्हणूनच शोधनिबंधांत त्याचा हवाला देताना मूळ पान आणि कंसात पुनर्मुद्रणाचं पान, असे दोन आकडे देतात. तालिकेत (ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत) नुसतं ‘कुक, ३ खंड, १९०१’ असं लिहिलं की संदर्भ शोधणारा विद्यार्थी चुकीच्या पानावर जातो आणि पुस्तकच चुकीचं आहे असं समजतो. वर्ष १९५८ लिहा, आणि मूळ प्रकाशनाची वर्षं व खंडसंख्या टिपेत द्या.

तारखेबद्दल इतका कीस काढायचं कारण नावांच्या नियमांत आहे. वनस्पतीच्या दोन नावांपैकी जे आधी प्रकाशित झालं ते टिकतं. गणना १ मे १७५३ पासून सुरू होते. कधी कधी दोन नावांत वर्षाचं नव्हे, महिन्यांचं अंतर असतं. भागाभागाने निघालेल्या ग्रंथात शीर्षकपानावर खंड पूर्ण झाल्याचं वर्ष छापलेलं असतं. तो भाग खरोखर केव्हा बाहेर पडला ते त्या भागाच्या कागदी वेष्टनावर असतं. नियतकालिकांच्या अंकांचंही तसंच. आणि बांधणीला दिल्यावर बाइंडर सगळ्यात आधी काय करतो, तर वेष्टनं आणि जाहिरातींची पानं फाडून रद्दीत टाकतो! त्याचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. म्हणून प्रत्येक अंकाचं पुढचं-मागचं वेष्टन जागच्या जागी ठेवून बांधायचं, हे कामाच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत लिहा.

बांधणीचं इथेच संपवतो. कोल्हापुरात खतावण्या-रोजमेळ बांधणारे हात चांगले आहेत, त्यांना काम समजावलं तर ते उत्तम करतात. त्यांना आणखी चार गोष्टी सांगाव्या लागतात. तिन्ही बाजूंनी कटिंग करायचं नाही; समासातली टीप आणि चित्राचा क्रमांक त्यात जातो. खळीत मोरचूद घालायचा नाही. किडा लागू नये म्हणून तो घालायची जुनी पद्धत आहे, पण त्यातलं तांबं कागद आतून जाळतं आणि काही वर्षांनी पानं सांध्याजवळ तुटतात. गव्हाच्या स्टार्चची साधी, त्याच दिवशी शिजवलेली खळ वापरायची. दुसऱ्या दिवशी ती आंबते, तेव्हा उरलेली टाकून द्यायची. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही. तिचा चिकटा पिवळा पडून कागदात उतरतो, आणि सोडवणाऱ्याला पानाचा थरही सोडवावा लागतो. त्याऐवजी पातळ जपानी टिश्यू आणि तीच खळ. दुर्मीळ आणि ठिसूळ पुस्तक मात्र बांधायला देऊच नका. आम्लरहित पुठ्ठ्याची मापाची पेटी करा आणि ते त्यात ठेवा. पेटी स्वस्त पडते आणि मूळ बांधणीही राहते.

दाखल नोंदवहीत प्रत्येक खंडाला स्वतंत्र क्रमांक द्या. कुकचे तीन खंड म्हणजे तीन क्रमांक. ‘संच १’ असं लिहिलं की एक खंड हरवल्यावर लेखापरीक्षणात कागद काळे करावे लागतात. देणगीचं पुस्तक असेल तर किमतीच्या रकान्यात ‘देणगी’ लिहा आणि शेरा रकान्यात कोणाकडून, कोणत्या तारखेला. चूक झाली तर लाल शाईची एक रेघ आणि सही, व्हाइटनर नको. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर देणगीचा तपशील ५४१ या टॅगमध्ये (नोंदीतल्या क्रमांक दिलेल्या रकान्यात) आणि आधीच्या मालकाच्या टिपा-सह्यांची माहिती ५६१ मध्ये टाका. हे रकाने रिकामे ठेवायची आपल्याकडे रीतच पडली आहे, पण त्या प्राध्यापकांनी कोणकोणती पुस्तकं वाचून कोणत्या टेकड्या पालथ्या घातल्या, हे पुढे याच रकान्यांवरून कळतं.

शिक्का शीर्षकपानाच्या मागे, ठरलेल्या गुप्त पानावर (प्रत्येक पुस्तकात तेच, ग्रंथालयालाच माहीत असलेलं पान) आणि शेवटच्या पानावर. चित्राच्या पानावर शिक्का मारू नका, पुढेही नाही आणि मागेही नाही. पातळ कागदातून शाई पुढे उमटते. चित्रांच्या पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने दाखल क्रमांक लिहिला की पुरे. देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी खळीनेच चिकटवा, फेव्हिकॉलने नाही.

वर्गांकात बहुतेकांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत प्रदेशवार वनस्पती म्हणजे ५८१.९, त्यापुढे प्रदेशाचा आकडा. महाराष्ट्राचा ५४७९२, म्हणून राज्याचा फ्लोरा ५८१.९५४७९२ वर जातो. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे तीन ग्रंथ (एकदलांचा १९९६, द्विदलांचे २००० आणि २००१) आणि शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये काढलेला यादव-सरदेसाईंचा कोल्हापूर जिल्ह्याचा फ्लोरा एकाच अंकावर गोळा होतात. होऊ द्या. वेगळेपण ग्रंथकाराच्या चिन्हाने राखता येतं. स्वतःचे दशांश शोधून काढू नका, दुसऱ्या ग्रंथालयाशी मेळ बसणार नाही. कुकचा फ्लोरा मात्र ५४७९२ वर नको, कारण मुंबई इलाख्यात गुजरात आणि सिंधही होतं. तो पश्चिम भारताच्या ५४७ वर ठेवा. वनौषधी ६१५.३२१ वर जाते आणि फुलबाग ६३५.९ वर, म्हणजे अडुळशाबद्दलची तीन पुस्तकं तीन कपाटांत. त्यावर इलाज तालिकेतच आहे, फळीवर नाही.

तालिकेत नावं दोन लागतात. बाभळीला जुन्या पुस्तकांत अकेशिया म्हटलंय. आज ती व्हॅचेलिया आहे आणि खैर सेनेगॅलियात गेला आहे. ब्रॅकिस्टेल्मा ही प्रजाती २०१७ पासून सेरोपेजियात (कंदीलपुष्पांच्या प्रजातीत) धरण्याचा मतप्रवाह आहे, तो सगळ्यांना मान्य नाही. अशा वेळी पुस्तकातलं नाव जसंच्या तसं ठेवा आणि आजचं नाव जादा शोधशब्द म्हणून ६५३ या टॅगमध्ये घाला. जुनं पुसून नवं लिहू नका. आज मान्य असलेलं नाव दहा वर्षांनी परत फिरू शकतं, आणि तेव्हा तुमच्याकडे दोन्ही असायला हवीत.

मराठी पुस्तकांचा त्रास निराळा, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांवर ‘वनस्पति’ असं ऱ्हस्व छापलेलं असतं. आज आपण ‘वनस्पती’ लिहितो. संगणकाला हे दोन वेगळे शब्द आहेत. शीर्षक जसं छापलं तसंच द्या आणि दुसरं रूप २४६ या टॅगमध्ये टाका. ‘औषधि’, ‘कन्द’ यांचंही तेच. ‘करवीर’ असा शोध घेतलात तर करवीर तालुक्याची माहिती आणि कण्हेर दोन्ही येतील, कारण करवीर म्हणजे कण्हेर. तेव्हा कण्हेरीच्या नोंदीत शास्त्रीय नाव नेरियम हवंच. जुन्या मराठी ग्रंथावर नुसता शक असेल तर ७८ मिळवा. प्रस्तावनेखालची तारीख जानेवारी ते गुढीपाडवा या दरम्यानची असेल तर ७९. शके १८३० म्हणजे १९०८, किंवा वर्षाच्या शेवटी शेवटी १९०९. महिना कळत नसेल तर दोन्ही वर्षं लिहा.

नियतकालिकांचं नाव बदललं की नवी नोंद करा आणि ७८० व ७८५ या टॅगनी दोन्ही जोडा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं ‘बुलेटिन’ पुढे ‘नेलुम्बो’ झालं. एकाच नोंदीत कोंबलं तर ‘बुलेटिन’ बंद पडलं असंच वाचकाला वाटतं. सुट्या अंकांची हजेरी घेताना आधी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात त्याचे कोणते खंड आहेत ते बघा. त्यांच्याकडे पूर्ण संच असेल तर तुमच्या अर्धवट सात अंकांना कपाटाची फळी देण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडे एखादा अंक नसेल आणि तो तुमच्या खोक्यात असेल, तर तो त्यांना द्या.

‘नवीन दाखल ग्रंथ’ ही यादी कुणी वाचत नाही, कारण ती नोंदवहीची नक्कल असते: क्रमांक, लेखक, शीर्षक, किंमत. बागेत येणाऱ्या माणसाला किमतीचं काय? यादी छोटी करा, महिन्याला सात-आठ पुस्तकं, आणि त्या महिन्यात बागेत जे फुललंय त्याच्याशी जोडा. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कंदीलपुष्पं, फेब्रुवारीत पळस. नोंद साधारण अशी दिसावी:

‘कंदीलपुष्पं फुलली आहेत, वाफा ७. ओळखण्यासाठी: कुक, मुंबई इलाख्याचा फ्लोरा, पुनर्मुद्रण १९५८. त्यात अ‍ॅस्क्लेपिएडेसी कुळाखाली पाहा. आता हे कुळ अपोसायनेसीत धरतात. वर्गांक ५८१.९५४७. बाहेर देत नाही, वाचनखोलीत मिळेल.’

एवढ्या चार ओळींत वाचकाला कुठे जायचं, काय बघायचं आणि कुठे अडेल हे कळतं. नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तकही यादीत येऊ द्या. तुमच्या ग्रंथालयाला ते आजच नवं आहे. एक प्रत फाटकाजवळ माळ्यांच्या खोलीबाहेर लावा, आणि त्यात मराठी पुस्तकं वरती घ्या. रोपांना रोज हात लावणारी माणसं ती आहेत, आणि कुंडीवरची पाटी चुकली आहे हे पुष्कळदा त्यांनाच आधी कळतं. नव्या पुस्तकांची मांडणी खिडकीच्या काचेमागे नको, महिन्याभरात कण्याचा रंग उडतो.

अनुदानातले पैसे उरले असतील तर एक मत सांगतो. ज्यात ‘की’ (प्रश्नामागून प्रश्नाला पर्याय निवडत वनस्पती ओळखायची मांडणी) आहे ते ग्रंथ छापील घ्या, स्कॅन फुकट मिळत असला तरी. ‘की’ चालवताना एक बोट प्रश्नावर, दुसरं पुढच्या पर्यायावर आणि तिसरं वर्णनाच्या पानावर ठेवावं लागतं. फोनवर ते जमत नाही. नुसते चित्रसंग्रह मात्र स्क्रीनवरच बरे, मोठे करून बघता येतात. गुळगुळीत कागदावरची फुलांची देखणी पुस्तकं भेटीदाखल येतातच, त्यांवर पैसे घालवू नका.

राहिल्या पीडीएफ. १ जानेवारी २०१२ पासून नव्या जातीचं वर्णन ऑनलाइन पीडीएफमध्ये आलं तरी ते प्रकाशित धरतात, मात्र त्या प्रकाशनाला आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) हवा. सह्याद्रीतल्या नव्या जातींची बरीच वर्णनं आता अशीच येतात. त्याची छापील प्रत काढून बांधली तर ती फक्त प्रत असते. मूळ प्रकाशन ती फाइल. म्हणून फाइल जशी उतरवली तशी, नाव न बदलता, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. उतरवल्याची तारीख आणि चेकसम (फाइल बदलली नाही हे पडताळायचा आकडा) नोंदीत लिहा. लेखावर ‘अंतिम नाही’ किंवा ‘दुरुस्ती बाकी’ असं काही असेल तर ती अंतिम आवृत्ती धरू नका; तारीख अंतिम आवृत्तीची चालते.

परदेशी उद्यानांच्या बीजसूच्या (त्यांच्याकडच्या बियांच्या याद्या) खोक्यात निघाल्या तर त्या ठेवा, कुठल्या बागेत त्या वर्षी काय होतं याची ती नोंद असते. पाकिटात प्रत्यक्ष बी निघालं तर पेरू नका. परदेशी बियांना आयात परवाना आणि क्वारंटाइन लागतं, आणि जुन्या पाकिटातून कोणतं तण येईल हे सांगता येत नाही.

आणि पुढच्या वेळी खोकी येण्याआधीच देणगीदाराला एका पानाचं पत्र द्या: दुबार प्रती आम्ही दुसऱ्या ग्रंथालयाला देऊ, किडलेली किंवा पुरात भिजलेली पुस्तकं घेणार नाही, ‘स्वतंत्र कपाट आमच्या नावाने’ ही अट मान्य नाही, पुस्तकांतल्या टिपा आणि नमुने जपले जातील, आणि शक्य असेल तर खोकी दिवाळीनंतर पाठवा. सही घेऊनच ठेवा.